रेड डॉट घ्यावा की स्कोप? रायफलवर काच चढवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एअर रायफलच्या नादाला लागून मला आता बरीच वर्षं झाली, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं, कधी फोनवर, कधी रेंजवर, कधी लग्नाच्या पंगतीत सुद्धा. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. दोन्ही नेम धरायच्या काचा, स्कोप टार्गेट मोठं करून दाखवतो, रेड डॉट नुसता लाल ठिपका दाखवतो. बहुतेक उत्तरं ०.१७७ इंची छऱ्याच्या एअर रायफलला धरून आहेत कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तीच असते, पण काचेचं शास्त्र सगळ्या रायफलींना सारखंच.

एका वाक्यात सांगा ना, काय घेऊ?

किती लांब मारणार आणि केवढ्या वस्तूला मारणार हे आधी मला सांगा, मग मी सांगतो. खरंच, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. १० मीटरवर पत्र्याचे डबे, लोळणारी टार्गेटं असला खेळ असेल तर रेड डॉट. २५ ते ५० मीटरवर कागदावर बारीक ग्रुप पाडायचा असेल, म्हणजे सगळे छर्रे एकमेकांजवळ लावायचे असतील, तर स्कोप. आणि मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर दोन्ही नको, त्याचं कारण खाली आहे.

रेड डॉट म्हणजे लेझर ना? टार्गेटवर लाल ठिपका पडतो तो?

नाही, आणि हा गैरसमज फार आहे. लेझर टार्गेटवर जाऊन पडतो, समोरच्यालाही दिसतो. रेड डॉटमधला ठिपका बाहेर कुठेच जात नाही. आत एक बारीकसा एलईडी असतो, त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो, त्या काचेवर असा लेप असतो की तो फक्त लाल रंग परत फिरवतो आणि बाकीचा उजेड सरळ आत येऊ देतो. परत फिरलेले किरण समांतर होऊन तुमच्या डोळ्यात येतात म्हणून डोळ्याला वाटतं की ठिपका लांब, टार्गेटच्याच अंतरावर तरंगतोय. मोठं काहीच दिसत नाही, जसं आहे तसंच दिसतं. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं १९७५ मध्ये अशी इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे, फक्त आकार लहान झाला आणि बॅटरी जास्त टिकायला लागली. होलोग्राफिक म्हणून आणखी एक प्रकार आहे, त्यात लेझरनं होलोग्राम उजळवतात, पण तो महाग आहे आणि एअर रायफलवाल्याला त्याची गरज नाही.

आणि स्कोपवर ते ३-९×४० लिहिलेलं असतं ते काय?

३ ते ९ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलीमीटर. ४×३२ म्हणजे कायम ४ पट, भिंग ३२ चं. एवढंच. पण यात एक हिशेब लपलाय जो दुकानदार सहसा सांगत नाही. भिंगाच्या व्यासाला पटीनं भागा, जे येईल तेवढ्या जाडीचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात येतो. ४० भागिले ४ म्हणजे १० मिलीमीटर, ४० भागिले ९ म्हणजे साडेचारच्या आत. झोत जाड असला की डोकं थोडं इकडे तिकडे झालं तरी चित्र पूर्ण दिसतं, झोत बारीक झाला की जरा मान हलली की कडेनं काळी चंद्रकोर यायला लागते. त्यामुळे ९ पटीवर लावलेला स्कोप संध्याकाळी काळपट वाटतो आणि डोळा लावायलाही त्रास देतो, स्कोपमध्ये बिघाड काही नसतो.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, नेमबाजी शिकायचंय, त्याच्या रायफलवर स्कोप लावून देऊ का म्हणजे लवकर जमेल?

कळकळीनं सांगतो, नका लावू. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत भिंगाचा स्कोप चालत नाही, रेड डॉटही चालत नाही. आपल्याकडे सुरुवातीला ओपन साइट (मागे खाच, पुढे माशी) आणि पुढे पीप साइट, म्हणजे मागे बारीक भोक आणि पुढे गोल कडी, याच वाटेनं सगळे जातात. ज्यांना चष्मा आहे त्यांना नंबराची काच लावायची मुभा आहे, पण मोठं करून दाखवणारं काही नाही.

आणि त्या भोकाला कमी समजू नका. आमच्या जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझ आणलं, ते पीप साइटवर. ५० मीटरच्या त्या टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलीमीटरचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा, आणि तो बिना भिंगाचा मारायचा, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराची, जगज्जेती झाली, तीही अशाच साइटवर. तर मुलाला आधी श्वास, गाल टेकवणं, ट्रिगर दाबणं हे शिकू द्या. स्कोप लावला की त्याचं सगळं लक्ष काचेत जातं आणि हाताकडे राहत नाही.

शिवाय वजन. एखादा ३-९×४० स्कोप रिंगांसकट अर्धा किलोच्या वर जातो, आणि तो रायफलच्या वरच्या बाजूला. १२ वर्षांच्या खांद्याला हे फार होतं.

मग १० मीटरवर रेड डॉट किती अचूक? नेमका आकडा सांगा.

हा प्रश्न मला आवडतो कारण याला खरंच आकड्यात उत्तर आहे. रेड डॉटवर २, ३, ६ एमओए असं लिहिलेलं असतं. एक अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक एमओए. १०० मीटरवर तो साधारण २.९ सेंटिमीटर होतो, म्हणून १० मीटरवर २.९ मिलीमीटर. आता ३ एमओएचा ठिपका १० मीटरवर किती जागा झाकणार? जवळजवळ पावणेनऊ मिलीमीटर.

१० मीटर एअर रायफलचं टार्गेट समोर ठेवा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, नऊचं वर्तुळ साडेपाच मिलीमीटरचं, आठचं साडेदहाचं. म्हणजे तुमच्या लाल ठिपक्यानं दहा आणि नऊ पूर्ण गिळले आणि आठ पण जवळजवळ संपवला. मधोमध आहात की कडेला हे डोळ्याला कळणार कसं? त्यामुळे कागदावरच्या नेमबाजीला रेड डॉट कमी पडतो. पण तोच ठिपका कोल्ड्रिंकच्या कॅनवर ठेवा, कॅन साडेसहा सेंटिमीटर रुंद, तिथे पावणेनऊ मिलीमीटरचा ठिपका म्हणजे भरपूर अचूक, आणि नेम धरायला अर्धा सेकंद सुद्धा लागत नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. कामच वेगळं आहे.

एक छोटी गोष्ट, बरेच जण ब्राइटनेस शेवटच्या नंबरला लावतात. ठिपका तेवढा फुगतो, त्याला कोंब फुटतात. जेमतेम दिसेल एवढाच उजेड ठेवा, लगेच बारीक होतो.

मला ठिपका गोल दिसतच नाही, स्वल्पविरामासारखा नाहीतर द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. माल खराब आहे का?

बहुतेक वेळा माल चांगला असतो, डोळ्यात ॲस्टिग्मॅटिझम असतो. ज्यांच्या चष्म्याच्या कागदावर सिलिंडरचा नंबर आहे त्यांना हे होतं, आणि पुष्कळांना आपल्याला सिलिंडर आहे हेच माहीत नसतं. तपासायची युक्ती सोपी आहे, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, ती टेकूवर ठेवा आणि मोबाइलचा कॅमेरा डोळ्याच्या जागी धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्याचा, फोटोतही पसरलेला आला तर साइटचा. आमच्याकडे एक काका साइट परत द्यायला निघाले होते, दुकानदाराशी वाद घालायची पूर्ण तयारी करून, त्यांना हा फोटो काढायला लावला आणि ते दुकानाऐवजी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले, चष्मा लागला, आता ठिपकाही नीट आणि गाडी चालवताना रात्रीचे दिवेही नीट दिसतात.

चष्मा लावूनही पसरत असेल तर रेड डॉटचा नाद सोडा आणि स्कोप घ्या, कारण स्कोपची फुली काचेवर कोरलेली किंवा तारेची असते आणि मागची रिंग फिरवून ती तुमच्या डोळ्याला स्पष्ट करता येते. प्रिझम साइट म्हणून मधला पर्याय आहे, छोटी असते, फुली कोरलेली असते, त्यातही हा त्रास कमी होतो.

वय ५५ आहे, ओपन साइट धूसर दिसते. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला यात सगळ्यात जास्त रस आहे, कारण इथे काच खरोखर माणसाला त्याचा छंद परत मिळवून देते.

ओपन साइटला डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं टार्गेट. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर. विशीत डोळ्यातलं भिंग लवचिक असतं, ते इतक्या झपाट्यानं जवळ-लांब करतं की तिन्ही एकदम स्पष्ट आहेत असं वाटतं. चाळिशीनंतर ते भिंग ताठर होत जातं, मग खाच धूसर, नाहीतर माशी धूसर, जवळचा चष्मा लावला तर टार्गेट धूसर. माणूस म्हणतो माझा हात गेला. हात तसाच असतो, गेलेली असते ती डोळ्याची जवळ-लांब करायची ताकद.

रेड डॉटमध्ये ठिपका आणि टार्गेट दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखे येतात, त्यामुळे फक्त टार्गेटकडे बघायचं, लांबचा चष्मा लावायचा, संपलं. स्कोपमध्येही फुली आणि चित्र एकाच पातळीवर येतात आणि वर मोठंही दिसतं. माझे एक शेजारी, निवृत्त शिक्षक, यांनी तीन वर्षं रायफल माळ्यावर टाकली होती. खाली काढली, पुसली, जुनाच ४×३२ चढवला. पहिल्या पाच छऱ्यांचा ग्रुप कागदावर बघताना त्यांनी चष्मा काढून कागद नाकाजवळ धरला, प्रत्येक भोकावरनं बोट फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत, नुसते परत रायफल भरायला गेले. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही मी काच घ्याच म्हणतो. डोळ्याला सिलिंडरचा नंबर नसेल आणि जवळचा खेळ असेल तर रेड डॉट, नाहीतर कमी पटीचा स्कोप.

फक्त मोतीबिंदू वगैरेची शंका असेल तर आधी डोळे तपासा, काचेवर काच लावून तो प्रश्न सुटत नाही.

जास्त पट म्हणजे जास्त अचूक, बरोबर ना?

नाही. जास्त पट म्हणजे टार्गेट मोठं आणि तुमचा थरकापही तेवढाच मोठा. हात सगळ्यांचाच हलतो. ९ पटीवर तो असा दिसतो की फुली टार्गेटवर भिरभिरतेय, आणि नवीन माणूस काय करतो, फुली मधून जाताना घाईनं ट्रिगर ओढतो. छर्रा गेला बाहेर. रेंजवर एका कॉलेजच्या पोराचं हेच चाललं होतं, अर्धा डबा छर्रे संपले, पोरगं रडकुंडीला आलं. त्याला पट ४ वर आणायला लावली, फुलीचं हलणं कमी दिसायला लागलं, घाई थांबली आणि ग्रुप लगेच आवळला. रायफल तीच, छर्रे तेच, पोरगं तेच.

उभं राहून मारताना ३ किंवा ४, टेकूवरनं ५० मीटरला ६ ते ९, एवढं पुरतं. १२ आणि १६ पटीच्या मागे लागू नका, त्या पैशात चांगली काच असलेला कमी पटीचा स्कोप येतो.

मी स्कोप लावला पण १० मीटरवर सगळं धूसर दिसतं. फसवलं का मला?

कदाचित चुकीचा स्कोप दिला. मोठ्या रायफलींचे स्कोप साधारण १०० यार्डाला जुळवलेले असतात, पॉइंट टू टू (०.२२) बारूदाच्या रायफलींचे ५० यार्डाला. त्यांना १० मीटरवर बघायला लावलं तर धूसर दिसणारच, आणि त्याहून वाईट म्हणजे पॅरलॅक्स येतो, म्हणजे रायफल जागेवर आहे पण डोकं हललं की फुली टार्गेटवर सरकते. एअर रायफलसाठी एओ लिहिलेला, म्हणजे पुढची रिंग किंवा बाजूची खुंटी फिरवून अंतर जुळवता येणारा स्कोप घ्या आणि त्याच्या रिंगवर १० चा आकडा आहे ना ते दुकानातच बघा. आहेच तो स्कोप चालवायचा असेल तर पट सगळ्यात कमी ठेवा, धूसरपणा थोडा कमी होतो.

पॅरलॅक्स रेड डॉटमध्येही असतो बरं का, कंपनी नाही म्हणाली तरी. स्वस्त साइट १० मीटरवर ठेवून डोकं हलवून बघा, ठिपका टार्गेटवर चालताना दिसेल. उपाय एकच, ठिपका काचेच्या मधोमध ठेवायची सवय.

स्प्रिंगच्या रायफलवर कुठलाही स्कोप चालेल ना, धक्का तर काहीच नसतो?

इथेच लोकांचे पैसे जातात, माझेही गेले. स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का कमी वाटतो पण तो दोन बाजूंचा असतो. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे सुटतो, रायफल मागे येते, आणि लगेच पिस्टन हवेच्या गादीवर आपटून थांबतो तेव्हा रायफल झटक्यात पुढे जाते. बंदुकीचे साधे स्कोप फक्त मागचा धक्का झेलायला बांधलेले असतात, हा पुढचा झटका त्यांना मानवत नाही. माझा पहिला स्कोप दुकानदारानं मोठ्या रायफलला चालतो मग याला काय होतंय म्हणून गळ्यात मारला होता, दोन महिन्यांत एके सकाळी डोळा लावला तर आडवी रेघ तिरकी, आणि स्कोप कानाशी हलवला तर आत काहीतरी खुळखुळत होतं. म्हणून डब्यावर स्प्रिंगर रेटेड किंवा एअरगन रेटेड लिहिलेलं असेल तरच घ्या. पीसीपी, म्हणजे सिलिंडरची हवा वापरणारी रायफल, तिला हा त्रास नाही, तिच्यावर काहीही टिकतं.

स्कोप मागे सरकू नये म्हणून स्टॉप असलेला माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरणारी पकड, घ्या. आणि घेण्याआधी रायफलवरची खोबण बघा, आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफलींवर ११ मिलीमीटरचा डवटेल असतो, तर बरेचसे रेड डॉट रुंद पिकाटिनी पट्टीचे येतात. एकमेकांवर बसत नाहीत. ॲडाप्टर मिळतो पण साइट आणखी वर जाते.

रेड डॉटचा फायदा इथे दिसतो, वजन शंभर-दीडशे ग्रॅम, आत हलणारी भिंगं नाहीत, त्यामुळे स्प्रिंगचे झटके तो जास्त सोसतो. अगदीच खेळण्यातला नसला तर.

स्कोप स्वतः बसवू शकतो का?

हो, घरीच, घाई नको. रायफल रिकामी असल्याची खात्री करा. स्कोप रिंगांत सैल ठेवा, डोळे मिटून गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकवा, मग डोळे उघडा. कडेला काळं न दिसता पूर्ण गोल दिसायला हवा, नसेल तर स्कोप पुढे-मागे सरकवा. डोळा आणि काच यांत तीन-चार इंच अंतर राहतं. मग फुली सरळ करायची, त्यासाठी गवंड्याचा ओळंबा सगळ्यात भारी. समोरच्या भिंतीवर ओळंबा टांगायचा, दोरी डोलायची थांबू द्यायची, उभी रेघ दोरीवर बसवायची आणि मग स्क्रू, एक इकडचा थोडा, एक तिकडचा थोडा, असे आळीपाळीनं आवळायचे. एकाच बाजूचा पूर्ण आवळला की फुली फिरते आणि नळकांडं चेपतं ते वेगळंच.

झिरो कसा करायचा, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल असं? स्कोपच्या टोपीखालच्या चकत्या फिरवून फिरवून थकलो.

अंधारात फिरवत असाल तर थकणारच, हिशेबानं फिरवा. बहुतेक स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव एमओए. १० मीटरवर एक क्लिक म्हणजे साधारण ०.७ मिलीमीटर. छर्रा २ सेंटिमीटर खाली लागतोय? मग २७-२८ क्लिक वर. लोक चार क्लिक फिरवतात, फरक दिसत नाही, आणि म्हणतात स्कोप बिघडला. चकतीवरचा बाण छर्रा कुठे जाणार ते सांगतो, फुली कुठे जाणार ते नाही. रेड डॉटलाही हाच नियम, फक्त त्याच्या क्लिकची किंमत पुस्तिकेत बघा.

एका छऱ्यावर निर्णय घेऊ नका, पाच मारा, त्यांचा मध्य बघा, मग फिरवा. आणि स्प्रिंगची रायफल टेबलावर किंवा विटेवर थेट टेकवू नका, ती उडी मारते आणि ग्रुप फुटतो. तळहात खाली ठेवा, त्यावर रायफल नुसती विसावू द्या, करकचून धरू नका.

वर खूप फिरवूनही छर्रा खालीच लागतोय आणि चकती शेवटाला आली, असं मोडून भरायच्या रायफलींत होतं, कारण नळी किंचित खाली झुकलेली असते. त्यासाठी मागून थोडा उंच असलेला माउंट मिळतो, चकतीला पिळत बसू नका.

आणखी एक, काच नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसते. त्यामुळे १० मीटरला झिरो केलेली रायफल ३ मीटरवर खाली मारणार, आणि ३०-४० मीटरला कुठे मारते ते कागदावर मारून बघूनच समजतं. छऱ्यांची कंपनी बदलली तरी परत बघा.

रेड डॉटच्या मागे मॅग्निफायर लावला तर दोन्हीचं काम भागेल?

भागतं, पण अर्धवट. ३ पटीचा मॅग्निफायर टार्गेटसोबत ठिपकाही ३ पट मोठा करतो, झाकायचं तेवढंच झाकतो. वजन आणि खर्च मिळून चांगला स्कोप येतो. एअर रायफलवर मी कुणालाच सुचवत नाही.

भाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो, त्यानं एआर-१५ ही बारूदाची रायफल घेतलीय. तो विचारतोय काय लावू?

तिथली गोष्ट वेगळी, तिथे बंदुकीची रेंज १०० यार्डाची सर्रास असते. बंदिस्त रेंजवर २५ यार्डात मारत असेल तर २ एमओएचा रेड डॉट झकास. १०० यार्डावर तोच ठिपका दोन इंच झाकतो, माणसाच्या आकाराच्या स्टीलच्या पाटीला पुरतो, कागदावरच्या ग्रुपला नाही. दोन्ही हवं असेल तर १-६×२४ सारखा कमी पटीपासून सुरू होणारा स्कोप, त्याला एलपीव्हीओ म्हणतात. १ वर रेड डॉटसारखा वापरता येतो, ६ वर छिद्रं दिसतात. वजन जास्त आणि डोळा मात्र नीट मागे धरावा लागतो.

आणि एक महत्त्वाचं, भावाला सांगून इकडे येताना बॅगेत स्कोप मागवू नका. अमेरिकेच्या एक्सपोर्टच्या नियमांत रायफल स्कोप आणि अशा साइट मोडतात, परवानगीशिवाय नेल्या तर अडचण त्याची होते. दोन-चार हजार वाचवायला भावाला संकटात टाकू नका.

स्कोप लावल्यावर पक्षी वगैरे…

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, शिकार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पारवा, होला, खार, कशावरच रायफल रोखायची नाही. रिकामा डबा मारा, साखळीला टांगलेली पाटी मारा, खडूचा तुकडा मारा, १० मीटरवर खडू फुटतो तेव्हा जो आनंद होतो तो पुरेसा आहे.

तसंच स्कोपमधून शेजारची गच्ची, रस्ता, माणसं बघायची नाहीत. रायफलवर बसलेला स्कोप जिकडे बघतो तिकडे नळीही बघते. दुर्बीण हवी तर दुर्बीण घ्या. सूर्याकडे तर चुकूनही नाही, क्षणात डोळा जाईल. आणि गच्चीवर मारत असाल तर मागे छर्रा अडेल अशी भक्कम सोय हवी, वाळूची पोती, जाड लाकूड, त्याच्यामागे भिंत. काचेत बघताना आजूबाजूचं दिसत नाही, कडेनं लहान मूल आलं तरी समजत नाही, म्हणून शेजारी एक माणूस उभा हवाच. बारूदाच्या रायफलीचा विचार असेल तर परवाना आधी, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात ते आयुक्तालय आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय, काचेचा विचार नंतर.

मे महिन्याच्या उन्हात ठिपका दिसतच नाही.

स्वस्त साइटचा एलईडी आपल्या उन्हापुढे टिकत नाही, पांढऱ्या कागदावर तर लाल पार फिका पडतो. विकत घेताना दुकानाच्या सावलीत बघू नका, दुपारी बाहेर रस्त्यावर येऊन बघा. काही जणांना हिरवा ठिपका उन्हात बरा दिसतो पण मागे हिरवी झाडी असेल तर तो हरवतो. स्कोपला हा प्रश्न नाही, काळी फुली उन्हात जास्तच खुलते.

बॅटरी संपली तर?

तर रेड डॉट नुसती काच उरते. बहुतेकांना सीआर२०३२ लागते, गाडीच्या रिमोटमध्ये असते तीच, तालुक्याच्या गावाला घड्याळवाल्याकडेही मिळते. एक खिशात ठेवा, बंद करायला विसरू नका. स्कोपला बॅटरी लागत नाही, उजळणाऱ्या फुलीचा असला तरी बॅटरीशिवाय काळी फुली दिसतेच.

पावसाळ्यात कशी ठेवायची? आम्ही रत्नागिरीला असतो.

मग जपायलाच हवं, कोकणातल्या दमटपणात भिंगाला बुरशी लागते, आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि एकदा लागली की ती काढणं सोपं नाही. नायट्रोजन भरलेला, सीलबंद स्कोप घ्या, त्याच्या आत वाफ धरत नाही. कव्हरमध्ये कोंबून कपाटात ठेवू नका, ते कव्हरच ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. जून ते सप्टेंबर रायफल बाहेर निघणार नसेल तर रेड डॉटमधली बॅटरी काढून ठेवा, गळाली तर आतले पत्रे खाते. आणि काच सदऱ्याच्या टोकानं पुसू नका, आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग चष्म्याचं मऊ फडकं, तेही मधून कडेकडे हलक्या हातानं.